कुरकुरीत गोड कोळंबी घरी मऊ का पडते, आणि काय केलं की पडत नाही

प्रश्न असा आहे: "हॉटेलात मिळते तशी क्रिस्पी हनी चिली कोळंबी घरी चार वेळा करून पाहिली. तळून काढली की छान कुरकुरीत असते, पण सॉसमध्ये घातली की पाच मिनिटांत आवरण मऊ पडतं आणि सुटून येतं. माझं काय चुकतंय? की घरच्या गॅसवर हे जमतच नाही?"

घरच्या गॅसवर नक्की जमतं. मी बावीस वर्षं मुंबईतल्या हॉटेलांच्या चायनीज किचनमध्ये काढली आणि आता घरी, साध्या दोन बर्नरच्या शेगडीवर, हीच कोळंबी करतो. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. तळून काढेपर्यंत तुमचं सगळं ठीक चाललंय, बिघडतं ते सॉसमध्ये. म्हणून आधी सॉसचं बोलू, कोळंबीकडे नंतर येऊ.

माझा अंदाज असा, की तुम्ही आलं-लसूण परतून त्यात सोया सॉस, चिली सॉस, मध घालता आणि शेवटी वाटीभर पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर ओतून सॉस दाट करता. मंचुरियनच्या ग्रेव्हीला ही रीत अगदी बरोबर आहे. पण कॉर्नफ्लोअरने दाट झालेला सॉस नुसता दिसायला दाट असतो. त्यातलं पाणी कुठेही गेलेलं नसतं, ते पिठाने धरून ठेवलेलं असतं. तळलेलं आवरण म्हणजे कोरडा, बारीक भोकाभोकांचा स्टार्च. असा स्टार्च ओल्या सॉसमध्ये टाकला की तो पाणी पिणारच. तुम्ही कितीही चांगलं तळा, पाच मिनिटांच्या वर तो टिकणार नाही.

हॉटेलातल्या या कोळंबीवर जो चकचकीत थर असतो, तो खरं म्हणजे पाक असतो. आपण चिरोट्यांना, बुंदीला, चिक्कीला करतो तोच साखरेचा पाक, फक्त त्यात लसूण, मिरची, सोया आणि व्हिनेगर आहे. पाकातले चिरोटे दुसऱ्या दिवशीही खुसखुशीत राहतात ना? पाकात पाणी फार थोडं उरलेलं असतं आणि जे उरतं ते साखरेने घट्ट धरलेलं असतं, म्हणून. ज्या घरात दिवाळीला पाकातले चिरोटे होतात, त्या घरात ही कोळंबी बिघडायचं काही कारण नाही.

मला हे कळलं त्याचा दिवस अजून आठवतो. वोकवर, म्हणजे चायनीज कढईवर, उभं राहायला लागून जेमतेम महिना झाला होता आणि माझी प्लेट दोनदा परत आली होती. आमच्या उस्तादांनी सॉस वोकमध्ये उकळत ठेवला आणि मला म्हणाले, "बघू नकोस, ऐक." सुरुवातीला पाणी उकळतं तसा सळसळ आवाज येत होता, बुडबुडे मोठे, उठून लगेच फुटणारे. मिनिटभराने आवाज जड झाला, बुडबुडे लहान, दाट आणि एकसारखे झाले, वोकच्या कडेने वर चढायला लागले. तिथे त्यांनी आच कमी केली, तळलेली कोळंबी आत टाकली, सहा-सात वेळा उडवली आणि ताटलीत ओतली. मग एक कोळंबी शेपटीला धरून स्टीलच्या ताटलीच्या काठावर आपटली. टक् असा आवाज आला. दहा मिनिटांनी परत आपटली, परत टक्. त्या दिवसापासून मी पाक आवाजावरून ओळखतो.

आता प्रमाण. चारशे ग्रॅम साफ केलेल्या कोळंबीला, म्हणजे चार माणसांना आधी थोडं थोडं खायला पुरेल एवढ्याला: साखर चार मोठे चमचे, पाणी दोन मोठे चमचे, साधं पांढरं व्हिनेगर एक मोठा चमचा, डार्क सोया सॉस अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर, आणि मिरचीचं वाटण एक मोठा चमचा. वाटणाला बेडगी मिरच्या घ्या, बिया काढा, गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि कमीत कमी पाण्यात गुळगुळीत वाटा. बाटलीतल्या चिली सॉसमध्ये पाणी आणि स्टार्च दोन्ही असतात, शिवाय बेडगीचा रंग आणि वास त्याला नाही. लसूण बारीक चिरून एक मोठा चमचा, आलं त्याच्या निम्मं. आणि मध एक मोठा चमचा, पण तो सगळ्यात शेवटी.

मध शेवटी का, ते सांगतो. मधात फ्रुक्टोज भरपूर असतं आणि फ्रुक्टोज साखरेच्या मानाने खूप कमी तापमानाला करपायला लागतं. सुरुवातीपासून मध उकळला तर रंग काळपट येतो, चव कडवट होते आणि ज्या वासासाठी महागाचा मध आणला तो वास उडून जातो. मधात पाणीही असतं, साधारण सतरा-अठरा टक्के. म्हणून नावात "हनी" असलं तरी गोडीचं मुख्य काम साखरेचं, मध फक्त वासापुरता. बऱ्याच हॉटेलांत थोडं लिक्विड ग्लुकोजही घालतात. केकच्या सामानाच्या दुकानात ते मिळतं. चारपैकी एक चमचा साखरेऐवजी ते घातलं तर चकाकी छान येते आणि पाक साखरत नाही. नाही मिळालं तर अडत नाही, व्हिनेगर तेच काम करतं. पाकात लिंबू पिळायची घरोघरी जी पद्धत आहे, तिचं कारणही तेच: आंबटाने साखरेचे परत खडे होत नाहीत.

कढईत दोन छोटे चमचे तेल, त्यात लसूण-आलं मध्यम आचेवर. लसणाच्या कडा जरा पिवळसर झाल्या की मिरचीचं वाटण घाला आणि तेल सुटेपर्यंत परता. ही पायरी घाईने करू नका, वाटणातलं पाणी इथेच जायला हवं. मग मध सोडून बाकी सगळं घाला आणि उकळू द्या. बुडबुडे बारीक व दाट झाले की एक थेंब गार स्टीलच्या ताटलीवर टाका, दहा सेकंद थांबा आणि ताटली तिरकी करा. थेंब पळाला तर पाक कच्चा आहे. रेंगाळत, जीव नसल्यासारखा सरकला आणि बोटांत धरून ताणल्यावर दोन तारा सुटल्या की मध घाला, एक उकळी येऊ द्या आणि गॅस अगदी बारीक करा. एकतारीच्या पुढे आणि गोळीबंदच्या अलीकडे असा हा पाक हवा. गोळीबंद झाला तर कोळंबीची चिक्की होते आणि दाताला चिकटते. तसं झालंच तर छोटा चमचाभर गरम पाणी घालून मागे आणता येतो.

सिमला मिरची आणि कांद्याचे चौकोनी तुकडे मी या पदार्थात घालत नाही. पाकात पडले की ते पाणी सोडतात आणि आत्तापर्यंतची सगळी मेहनत वाया जाते. रंगासाठी हवेच असतील तर वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर अर्धा मिनिट परता आणि ताटलीत वरून पसरा. कांद्याची पात आणि भाजलेले तीळही वरूनच.

आता कोळंबी. करंदी किंवा त्याहून बारीक माल इथे चालत नाही, तळताना आवरण कुरकुरीत होईपर्यंत आतलं मांस चामट होतं. खूप मोठी टायगरही मी घेत नाही, तिच्यात आवरण आणि मांस यांचा मेळ बसत नाही. साफ केल्यावर एक कोळंबी साधारण पंधरा-सोळा ग्रॅमची असावी. पाकिटावर २६/३० असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, २६ ते ३० नग. तो आकार मागा. बाजारातून अख्खी घेणार असाल तर पाऊण किलो आणा, डोकी आणि सालं गेल्यावर चारशे ग्रॅमच्या आसपास हातात राहते. डोकं धडाला घट्ट असलेली, साल चमकदार असलेली घ्या. डोकं लोंबायला लागलं किंवा सालावर काळे डाग आले की ती शिळी होत चालली आहे. कोळणीसमोर एखादी हातात घेऊन बघायला संकोच करू नका. नेहमीची मावशी असेल तर तीच आतली टोपली पुढे करते.

सध्या बाजारात जी सर्रास मिळते ती बहुतेक तळ्यात वाढवलेली व्हनामी. मूळची ती मेक्सिको ते पेरू या प्रशांत किनाऱ्याची, आपल्याकडे २००९ नंतर वाढली आणि आज तिचं सगळ्यात जास्त उत्पादन आंध्र प्रदेशात होतं. चवीला समुद्राच्या सोलटाची सर तिला नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. आमटी-भात करायचा असेल तर मी समुद्राचीच कोळंबी आणीन. पण या पदार्थात गोड-तिखट पाकाखाली ती बारीक चव तशीही मागे पडते आणि व्हनामी आकाराला एकसारखी मिळते, सगळे नग एकाच वेळी शिजतात. म्हणून इथे व्हनामीच बरी.

गोठवलेलं पाकीट आणणार असाल तर सावध राहा. नगांवर बर्फाचा थर दिलेला असतो. एकदा मी एक किलोचं म्हणून आणलेलं पाकीट बर्फ वितळल्यावर तोलून पाहिलं तर साडेसातशे ग्रॅम भरलं. काही मालाला पाणी धरून ठेवणारं फॉस्फेटही लावलेलं असतं. अशी कोळंबी तळताना पाणी सोडत राहते आणि आवरण आतून ओलं करते. पाकिटावरच्या घटकांत कोळंबी, पाणी आणि मीठ एवढंच असेल ते घ्या. रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीत ठेवा, खाली भांडं ठेवून, म्हणजे सुटलेलं पाणी खाली जाईल. गरम पाण्यात टाकून वितळवू नका.

साल काढताना शेपटी राहू द्या. पाठीवर उभा छेद देऊन काळा दोरा काढा, पण छेद उथळ ठेवा. खोल गेला तर कोळंबी तळताना पुस्तकासारखी उघडते. शेपटीच्या टोकाचा पातळ पंखा थोडा कापून सुरीने पाणी निपटून टाका, तिथे पाणी साठलेलं असतं आणि तेलात उडतं.

हॉटेलातली कोळंबी दाताखाली करकरीत, ताजी फुटल्यासारखी लागते ती कशाने? मीठ आणि खायचा सोडा. चारशे ग्रॅमला अर्धा छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा सोडा. हलक्या हाताने चोळा आणि वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सोड्याने मांसातलं प्रथिन शिजताना फार आवळत नाही, आतला रस आतच राहतो. वीस मिनिटं म्हणजे वीसच. तासभर ठेवली तर साबणासारखी चव येते. मग गार पाण्यात तीनदा धुवा आणि कोरडी करा.

हे कोरडं करणं मी मुद्दाम वेगळं सांगतो, कारण सगळेजण इथेच घाई करतात. सुती पंचा पसरा, कोळंबी एका थरात मांडा, वरून दुसरा पंचा दाबा. पंचा ओला झाला की बदला. मग ताटात एका थरात मांडून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये उघडी ठेवा. बोट लावल्यावर बोट ओलं होता कामा नये, किंचित चिकट लागलं पाहिजे.

आपल्याकडे कोळंबी हातात आली की लिंबू किंवा आगळ, हळद, आलं-लसणाचं वाटण लावायची सवय असते. कालवणाला ती छान, इथे मात्र हात आवरा. आंबटाने मांस आधीच आवळतं आणि पाणी सोडतं. वाटण तेलात जळून काळे ठिपके येतात. कच्च्या आल्यात प्रथिनं विरघळवणारं द्रव्य असतं, जास्त वेळ लागलं की कोळंबी पिठूळ होते. मी फक्त पाव चमचा पांढरी मिरपूड लावतो. वास-चव सगळी पाकातून येणार आहे.

आवरणासाठी एका अंड्याचा पांढरा बलक काट्याने जरा फेटून कोळंबीला चोळा, त्यावर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर टाकून पुन्हा चोळा. पातळ लेप बसतो. वेगळ्या ताटात चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूट मीठ मिसळा. एकेक कोळंबी त्यात घोळवा, तळहाताने दाबा आणि पाच मिनिटं बाजूला ठेवा. पीठ ओल धरतं, कुठे कुठे ओलसर डाग दिसतात. तिथे पुन्हा घोळवा आणि सुटं पीठ झटका. तुमचं आवरण सुटून येतं त्याला ही पाच मिनिटं न देणं आणि आधीचा ओलेपणा ही दोन कारणं आहेत.

एक खुलासा, कारण यात अनेकजण फसतात. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढराशुभ्र, बोटांत चिमटल्यावर करकरणारा स्टार्च. मक्याच्या भाकरीचं पिवळं पीठ निराळं, ते इथे चालत नाही. मैदाही मी घालत नाही. मैद्यातल्या चिकटपणाने आवरण जाड आणि ओढलं जाणारं होतं, भज्यासारखं. तांदळाच्या पिठाने कडकपणा येतो, हे थालीपीठ-चकलीवाल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

तळायला रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल, लहान तोंडाच्या खोल कढईत पाऊण लिटर. घाण्याचं तेल जेवणात मला आवडतं, पण तळायला नको, ते लवकर धुरावतं आणि फेसाळतं. पहिलं तळणं १७० ते १७५ अंशांवर. थर्मामीटर नसेल तर पिठाचा ओला कण टाका: तो अर्ध्यापर्यंत बुडून लगेच वर आला पाहिजे. एका वेळी आठच कोळंब्या. हॉटेलातल्या भट्टीचा जोर इथेच उपयोगी पडतो, वीस कोळंब्या टाकल्या तरी तेल गार होत नाही. आपल्या बर्नरवर होतं, आणि गार तेलात आवरण तेल पितं. त्यावर उपाय एवढाच, की थोड्या थोड्या तळायच्या. सव्वा मिनिटात काढा. रंग फिका असेल, असू द्या. काढून जाळीवर ठेवा. टिश्यूवर ठेवली तर खालच्या बाजूला वाफ अडकून तिथलं आवरण मऊ पडतं.

पाच मिनिटं थांबा. या वेळात आतली ओल बाहेरच्या थरापर्यंत येते. आता तेल १९० अंशांवर न्या आणि दुसऱ्यांदा पस्तीस-चाळीस सेकंद तळा. बाहेर आलेली ओल निघून जाते आणि आवरण काचेसारखं कडक होतं. इथेही कान द्या: टाकल्यावर होणारा जोराचा चुरचुराट बारीक होऊन जवळजवळ थांबतो, तेव्हा काढा. कोळंबीचा आकार इंग्रजी "सी" सारखा हवा. गोल वळून शेपूट डोक्याला टेकली म्हणजे जास्त शिजली.

दुसरं तळणं चालू असताना बाजूच्या बर्नरवर पाक तयार हवा. कोळंबी तेलातून निघाली की जाळीवर दोनदा झटका आणि थेट पाकात टाका. दोन्ही गरम असले की थर पातळ बसतो. सहा-सात वेळा उडवा किंवा दोन उलथन्यांनी खालीवर करा, पंधरा-वीस सेकंदांत काम संपवा. पसरट ताटात सुटी सुटी मांडा, ढीग करू नका, झाकण ठेवू नका. मिनिटभर पंख्याखाली ठेवली की पाक आवळतो आणि ताटलीवर आपटून तो आवाज ऐकता येतो.

अशी कोळंबी पंधरा मिनिटं नक्की कुरकुरीत राहते. पावसाळ्यात थोडी कमी, हवेतली ओल साखर ओढून घेते. जून-जुलैत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते, तेव्हा अनेकांच्या हाती गोठवलेला माल येतो, म्हणजे ओल दोन्हीकडून. त्या दिवसांत मी पाक किंचित पुढे नेतो आणि पीठ वापरायच्या आधी कोरड्या तव्यावर दोन मिनिटं गरम करून गार करतो. डब्यात भरून कुठे न्यायची असेल तर पाक वेगळ्या बाटलीत न्या आणि तिथे गरम करून लावा. बंद डब्यात गरम कोळंबी भरली की स्वतःच्या वाफेनेच ती भिजते, हॉटेलचं पार्सल घरी येईपर्यंत मऊ होतं ते त्यामुळेच. एअर फ्रायरमध्येही करून पाहिली. वरून तेल फवारून २०० अंशांवर आठ मिनिटांत शिजते, खायला वाईट नाही, पण पीठ जागोजाग कोरडं राहतं आणि पाक धरत नाही.

पाहुणे येणार असतील तर हॉटेलात करतात तसंच करा. दुपारी पहिलं तळणं उरकून घ्या, कोळंबी गार झाली की जाळीवर एका थरात फ्रिजमध्ये उघडी ठेवा, दोन-तीन तास चांगली राहते. पाकासाठी सगळं मोजून वाट्यांत काढून ठेवा, पात चिरून ठेवा. पाहुणे येऊन बसले, पाणी-सरबत झालं, की मगच तेल तापवा. फ्रिजमधली असल्याने दुसऱ्या तळण्याला पंधरा-वीस सेकंद जास्त द्या. तेल तापल्यापासून ताट बाहेर जाईपर्यंत पाच मिनिटं लागतात.